दोनशे की पस्तीस

जवळ जायची भीड वाटते, म्हणून रस्त्यापलीकडूनच मी किल्लीवाल्या काकांवर दोनशे मिलिमीटरची लांब लेन्स रोखली. पहिलाच फोटो काढला आणि त्यांनी घाईघाईने छत्री मिटली, किल्ल्यांचे जुडगे पेटीत कोंबायला लागले.

पालिकेची माणसं दुकानं उठवण्याआधी असेच लांबून फोटो काढतात, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मी धावत रस्ता ओलांडला.

"काका, आवरू नका! मी पालिकेची नाही. हौस म्हणून फोटो काढते."

त्यांचा जीव भांड्यात पडला. माझाही. छत्री पुन्हा उघडली, किल्ल्या किणकिणल्या. मी पस्तीसची लेन्स चढवली. तिच्यासाठी माणसाच्या अगदी समोर उभं राहावं लागतं.

"हां, असं जवळ यायचं, पोरी," काका हसले. "लांबनं सगळे साहेबच वाटतात."