कार्बनची बाही

गाडीच्या आरशाचं कव्हर साच्यातून टक्कन सुटलं, तसा मुकुंद लहान पोरासारखा हसला आणि दुसऱ्याच क्षणी त्याचं तोंड उतरलं. काळ्याभोर, चकचकीत कव्हरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ होती.

"दैवशाला, हे काय करून ठेवलं?"

ती शिलाई मशीनवरून उठून आली. रेघ बघितल्याबरोबर तिनं ओळखली. तिच्याच खडूची रेघ. ब्लाउज बेतताना कापडाच्या उलट्या बाजूला खुणा करायची तिच्या हाताला सवयच होती. काल नवऱ्यानं कार्बनचं कापड कापायला दिलं, तेव्हाही तिनं उलटी बाजू शोधली. कापड दोन्हीकडून सारखंच. मग एक बाजू तिनंच उलटी ठरवली, आणि नेमकी तीच दर्शनी निघाली.

"झटकली की जाती," ती पुटपुटली आणि पदरानं कव्हर पुसायला लागली.

"आता कुठं जाती? रेझिनच्या खाली गेली ती. काचेखाली गेल्यावानी."

मुकुंद भोकरदनच्या एका गॅरेजात गाड्यांचे पोचे काढायचा. चार महिने झाले, मोबाइलवर बघून बघून तो घरी हे काम शिकत होता: साच्यात कार्बनच्या धाग्यांचं कापड बसवायचं आणि त्यावर रेझिन, म्हणजे वाळून काचेसारखा टणक होणारा चिकट रस, चढवायचा. ऊन चढलं की रेझिन वाडग्यातच घट्ट होऊन धुरायचं, म्हणून सकाळी सकाळीच सगळा पसारा मांडायचा. पुण्यातल्या एका वर्कशॉपच्या नजीरभाईंनी त्याला सांगितलं होतं, नमुन्याचा फोटो पाठव, आवडला तर कामाला ये. तेव्हापासून दैवशालाला पुण्याचा ध्यास लागला होता. पुणं बघायची हौस तिला नव्हती. हा जिथं राहील तिथं राहायचं, एवढंच. "आधी मी जातो, मंग बघू," असं तो म्हणायचा, आणि त्याच्या त्या 'मंग'वर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

दुसरं कव्हर करायला कापड उरलं नव्हतं. मुकुंदनं निमूटपणे फोटो काढला आणि रेघेसकट पाठवून दिला.

पाचेक मिनिटांत फोन वाजला. त्यानं स्पीकर लावला.

"खडूची रेघ आहे ना ती?" नजीरभाई म्हणाले. "असू दे, पहिल्यांदा चुकतंच. मला एक सांग, कापड कुणी बसवलं? एवढ्या वळणावर कुठं सुरकुती नाही. माझ्याकडच्या जुन्या कारागिरांनाही असं जमत नाही."

दैवशाला फोनजवळ सरकली. काल मुकुंदच्या हातात ते कापड कडेनं दशा सोडत होतं, मध्येच फुगत होतं. शेवटी तिनं त्याला बाजूला सारलं होतं आणि फुग्याची बाही खांद्याला लावावी तसं बोटांनी दाबत दाबत साच्यात बसवून दिलं होतं. मुकुंदनं तिच्याकडे पाहिलं. आता हा आपलं नाव घेणार, असं तिला वाटलं. तिनं डोक्यावरचा पदरही नीट केला.

"मीच, भाई," तो म्हणाला.

"मग शनिवारी ये. माझ्यासमोर एक बसवून दाखव, बस."

फोन बंद झाला. मुकुंद तिच्याकडे बघेना. तो कव्हर या हातातून त्या हातात घेत राहिला.

"शनिवारपर्यंत मला शिकवशील का?" शेवटी त्यानं विचारलं.

मलाही न्या, एवढे दोन शब्द तिला बोलायचे होते. ते काही तोंडातून निघाले नाहीत. तिनं मशीनवरचा अर्धा ब्लाउज बाजूला ठेवला आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

"बाही बसवायला मला तीन वर्षं लागल्ती," ती म्हणाली. "हात धुऊन या. आज बुधवार हाय."