मागची जागा

बायको ग्वेनिथ नगराध्यक्ष झाली, तेव्हापासून एम्रिस मिरवणुकीत तिच्या मागून चालायचा. खाणीतले दोस्त चिडवायचे, "काय रे, शेपूट झालास की तिचं."

आज राणी ऑगस्टा गावात आली होती. पुढे राणी आणि ग्वेनिथ, मागे एम्रिस आणि राणीचे यजमान, प्रिन्स कॉन्रॅड.

एम्रिसने धीर करून विचारलं, "सर, असं मागून चालणं जड नाही गेलं कधी?"

"सुरुवातीला गेलं," प्रिन्स म्हणाले. "मग खाली मान घालायचं सोडलं आणि लोकांचे चेहरे बघायला लागलो."

एम्रिसने मान वर केली. ग्वेनिथने भांडून वाचवलेल्या शाळेतली पोरं जीव तोडून हात हलवत होती. राणीला नाही, ग्वेनिथला.

ग्वेनिथ वळून म्हणाली, "मागे काय राहतोस, बरोबरीने चल की."

"तू हो पुढे," एम्रिस म्हणाला. "मला इथूनच बघायचंय."