नखाएवढा डाग

शनिवारी सकाळी भाईदास मोटारसायकलीपुढे उकिडवा बसून हेडलाइटच्या रिंगमध्ये स्वतःचे दात बघत होता. दात कसेतरीच होते, रिंग मात्र लख्ख होती. खालच्या कडेला जिथे दर आठवड्याला तांबूस डाग उठायचा, तिथेही.

सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत एवढी चकाकणारी गाडी दुसरी नव्हती. भाईदास पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये कामाला. मिलबाहेर दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं क्रोम वर्षभरात गंजतं, तिथली हवाच तशी आहे. भाईदासच्या गाडीचं चौदा वर्षं टिकलं, कारण तो तिला शॅम्पूच्या पाण्याने धुवायचा, जुन्या बनियनने कोरडी करायचा, गंजाचा ठिपका दिसला की पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद ओला करून हलक्या हाताने घासायचा आणि वरून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा. गल्लीतली पोरं मडगार्डात बघून भांग पाडत आणि तो रागावल्यासारखं करी.

एवढी बडदास्त ठेवूनही रिंगवर तो नखाएवढा डाग यायचाच. त्याने मिलच्या धुराला दोष दिला, शेजाऱ्याच्या मोरीला दिला, शेवटी स्वतःच्या हातांनाही दिला. बावीस वर्षं ते हात ॲसिडचं माप ओतत होते.

मागच्या शनिवारी त्याला उलगडा झाला. हँडलला बांधलेलं लिंबू-मिरची रिंगला टेकत होतं, आणि गोधडीची सुई लिंबातून जिथे आरपार गेली होती तिथून रस पाझरत होता. बावीस वर्षं ॲसिड हाताळून एवढं आपल्याला कळू नये, याची त्याला लाज वाटली. त्याने त्या कडेवर व्हॅसलीनचा जाड थर दिला आणि कुणाला काही बोलला नाही. आठवडा गेला. डाग आला नाही.

त्याची बायको प्रमिलाबाई नवं लिंबू-मिरची घेऊन बाहेर आली. दोन वर्षांपूर्वी भाईदास उधन्याच्या पुलावर गाडीवरून पडला होता. तेव्हापासून तिने एकही शनिवार चुकवला नव्हता. तिने जुनं लिंबू सोडून पिशवीत टाकलं, मग सवयीने वाकून रिंगची कड पाहिली. पुन्हा पाहिली.

"डाग कोठे गया?"

"नही पडना या हप्त्याले," भाईदास म्हणाला. ती खूश होईल असं त्याला वाटलं होतं.

"दर हप्त्याले पडस ना? नजर गाडीवर पडस, म्हणून डाग पडस." तिचा आवाज बारीक झाला. "आज गाडीवर नही पडनी, मंग कोणावर पडनी?"

हे भाईदासला नवीन होतं. दोन वर्षं तो हा डाग चडफडत घासून काढत होता, आणि दोन वर्षं ती तोच डाग बघून निर्धास्त घरात जात होती.

तिने गाडीची किल्ली काढली आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. "आज कामले जावानं नही."

कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी वर्षा ओट्यावर दात घासत उभी होती. तिने तोंडातला फेस थुंकला आणि हसली.

"अरे मम्मी, लिंबूमां तो..."

"वर्षा," भाईदास म्हणाला, "चहा उतू जाई राह्यना, देख."

चहा अजून ठेवलेलाच नव्हता. वर्षाने बापाकडे पाहिलं आणि ब्रश पुन्हा तोंडात घातला.

भाईदासच्या जिभेवर सगळं तयार होतं: रस, ॲसिड, व्हॅसलीन. सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण प्रमिलाबाई रिंगकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. त्याला फार वाईट वाटलं. त्याच्या पायाचं प्लास्टर दीड महिन्यात निघालं होतं. तिची भीती अजून तशीच होती.

"डाग व्हता," तो म्हणाला. "पहाटेच घासा मी."

"खरं?"

त्याने पायरीवर पडलेला चुरगळलेला चांदीचा कागद दाखवला.

"केवढा व्हता?"

"नेहमीएवढाच."

प्रमिलाबाईने सुस्कारा सोडला. पदराची गाठ बोटांनी सुटेना, म्हणून तिने ती दातांनी सोडवली आणि किल्ली त्याच्या हातात दिली. मग नवं लिंबू-मिरची हँडलला नेहमीच्या जागी घट्ट बांधलं, एकदा हात जोडले आणि डबा भरायला आत गेली.

भाईदासने व्हॅसलीनची डबी उघडली. हँडलला, मडगार्डाला, रिंगच्या वरच्या अंगाला पातळ हात फिरवला. मग बनियनच्या चिंधीचं टोक रॉकेलमध्ये बुडवलं आणि रिंगच्या खालच्या कडेवरचा जाड थर पुसून काढला. कोरड्या टोकाने ती कड आणखी एकदा पुसली. लिंबू बरोबर तिथेच टेकलं होतं.

वर्षा ओट्यावरून बघत होती.

"पप्पा, तेवढी जागा राही गयी."

"राहू दे," भाईदास म्हणाला आणि डबीचं झाकण लावलं.