तारखेसह पुरावा

सौमित्रच्या कॅन्सरबद्दल तणनाशकाची कंपनी कोर्टाबाहेर तडजोडीला तयार होती. वकीलबाईंना त्याने ते फवारल्याचा तारखेसह पुरावा हवा होता. केमोने थकलेला तो पांघरुणात, मृदुला उशाशी बसून जुने मेसेज धुंडाळत होती. "आई यायच्या आत अंगणातल्या फरश्यांमधलं गवत मार रे!" "शेजारचे डच काय म्हणतील?" दर एप्रिलला तिचीच भुणभुण. "बायकोची कटकट पहिल्यांदाच कामी आली बघ," तो हसला. तिला हसता येईना. मग त्याने उत्तरादाखल धाडलेला फोटो सापडला: हातात तणनाशकाचा पंप, छातीशी झोळीत आठ महिन्यांची लेक. तिने पाठवला. वकीलबाईंचं उत्तर आलं, "उत्तम पुरावा! बाळाचाही भरपाईचा अर्ज भरून ठेवा." तीच लेक, आता चार वर्षांची, पलीकडे डच गाणं गात होती. अर्जात विचारलेलं, आजार कोणता? मृदुलाने लिहिलं, "अजून नाही." मग "अजून" तेवढं घाईने पुसलं.