कपाटातला एकच मदरबोर्ड

दादा रस्ता ओलांडून येताना दिसला तेव्हा तिने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तीन वर्षांत तो पहिल्यांदाच या बाजूला येत होता. काखेत उघडा खोका, कपाळावर घाम.

"छोटे, एक मदरबोर्ड हवाय," काउंटरशी येऊन तो हळू आवाजात म्हणाला. "या प्रोसेसरला चालेल असा."

त्याने डबी पुढे केली. तिने वरचं लेबल वाचलं, मग खोक्यातला त्याचा बोर्ड पाहिला आणि तिला हसू आलं. प्रोसेसर नव्या पिढीचा, बोर्ड मागच्या पिढीचा. दोन्हींच्या खाचा जन्मात जुळल्या नसत्या.

"वेगवेगळ्या दिवशी मागवलेस ना?"

"घाईत झालं गं." त्याने मागे वळून पाहिलं. "आर्किटेक्ट बाई सकाळपासून येऊन बसल्यात. मशीन आज देतो म्हणालो होतो. उद्या त्यांना हॉस्पिटलचे नकाशे द्यायचेत. असेल तर दे. आपल्यात काय आहे ते नंतर बघू."

आपल्यात काय होतं ते समोरच्या पाटीवर रंगवलेलं होतं. अकरा वर्षं त्या दुकानातली सगळी मशीनं तिने जुळवली. दादा बाहेरगावची नोकरी सोडून परत आला आणि त्याच आठवड्यात आप्पांनी पाटी नवी करून घेतली. आप्पांचं नाव, त्यापुढे जाड अक्षरात 'आणि चिरंजीव'. तिने विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले होते, "तू काय, आज ना उद्या जाणारच." ती गेली. वीस पावलांवर.

"बोर्ड आहे," ती म्हणाली. "पण कसला हवाय? रॅमच्या खाचा दोन की चार?"

"कुठलाही दे."

"कुठलाही कसा देऊ? मशीन पुढे वाढवता आलं पाहिजे, असं त्या म्हणाल्या असतील ना? विचारून ये."

तो गेला. दोन दुकानांच्या काचांमधून तिला सगळं दिसत होतं. बाईंनी चार बोटं दाखवली. दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या आप्पांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग रस्त्यापलीकडे.

"चार," दादा परत येऊन म्हणाला.

"बरं. ग्राफिक्स कार्ड एकच राहणार, की पुढे दुसरंही बसवायचंय?"

"हे मघाशीच का नाही विचारलंस?"

"मघाशी तू कुठलाही दे म्हणालास."

तो पुन्हा गेला. शेजारचा सलूनवाला कात्री हातात घेऊनच दारात येऊन उभा राहिला. पलीकडच्या झेरॉक्सवाल्या काकूंनी मशीन बंद केलं.

"दुसरं लागेल म्हणतात. पुढच्या वर्षी." दादाला धाप लागली होती.

"आणि प्रोसेसर? हाच कायम ठेवणार, की दोन वर्षांनी याच बोर्डावर मोठा चढवणार?"

तो बघतच राहिला. "छोटे, तू माझं हसं करतेयस."

"प्रश्न चुकीचा असेल तर तसं सांग."

चुकीचा आहे की नाही हेच तर त्याला सांगता येत नव्हतं. तो तिसऱ्यांदा निघाला, या वेळी पाय ओढत.

तिच्या कपाटात बोर्ड एकच होता, आणि तो तिन्ही उत्तरांना पुरून उरला असता. तिने तो काढून काउंटरवर ठेवला. तिला बरं वाटत होतं. इतकं बरं वाटत होतं की तिची तिलाच जरा भीती वाटली.

या खेपेला दादा एकटा आला नाही. त्याच्या पुढे आर्किटेक्ट बाई होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेल्या.

"हे प्रश्न पाठवणाऱ्या तुम्हीच का?"

"हो."

"ऑर्डर देऊन तीन आठवडे झाले. यातला एकही मला कुणी विचारला नाही." बाईंनी दादाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मग मी तिकडे कशाला बसलेय?"

"ते मी कसं सांगणार, मॅडम?" तिने स्टूल पुढे सरकवलं. "बसा. दोन तासांत मशीन सुरू करून देते. दादा, त्यांची कॅबिनेट आणि बाकीचं सामान आणून दे."

दादा काउंटरवर वाकला. "हे तू मुद्दाम केलंस."

"हो," ती म्हणाली.

तो कॅबिनेट उचलून घेऊन आला तेव्हा मागून आप्पा येत होते. दोन्ही हातांत रॅमची पाकिटं, काचेची भांडी धरावीत तशी धरलेली. उंबऱ्याच्या आत येऊन ते उभे राहिले. त्यांना कुणी बसा म्हणालं नाही. स्टूल एकच होतं आणि त्यावर गिऱ्हाईक बसलं होतं. दादाने पाकिटं त्यांच्या हातातून घेतली. मग त्या हातांचं काय करायचं हे आप्पांना सुचेना.

तिने प्रोसेसर दोन बोटांत धरला, कोपऱ्यातली खूण पाहिली आणि तो अलगद जागेवर ठेवला. वरची पत्र्याची चौकट मिटली. खटका दाबायला घेतला तशी करकर झाली. दादा दचकून मागे सरकला.

"मोडलं का गं?" आप्पा म्हणाले. तीन वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

तिने खटका शेवटपर्यंत दाबून अडकवला. मग आर्किटेक्ट बाईंकडे वळून म्हणाली, "घाबरू नका, मॅडम. नवख्या माणसाला वाटतं मोडलं. बसताना आवाज होतोच."