काहीच कमी नाही

"साहेब एवढं गोड बोलले, म्हणजे कुठंतरी पाणी मुरतंय," असं म्हणत बद्रीनाथ सरांनी शाळेचं फाटक आतून लावून घेतलं. पोरं केव्हाच घरी गेली होती, तरी ते हळू आवाजात बोलत होते.

गंगापूरच्या बैठकीतून ते नुकतेच परतले होते. तपासणीची पद्धत बदलली होती. आता साहेब उणिवा शोधणार नव्हते, शाळेनंच त्या आपल्या तोंडानं सांगायच्या होत्या. "जे कमी असेल ते मोकळेपणानं सांगा, शिक्षकांचीही तशी तयारी करून घ्या," असं नवे अधिकारी शिवशंकर साहेब हसून म्हणाले होते.

बद्रीनाथ सरांनी त्याच संध्याकाळी तयारी सुरू केली. फक्त उलट्या दिशेनं.

"आपल्याकडूनच कबूल करून घ्यायचं अन् मग हातात नोटीस ठेवायची," ते म्हणाले. "माणूस लई हुशार दिसतोय."

शाळा दोन शिक्षकांची. मुख्याध्यापक बद्रीनाथ सर आणि सुकेशनी मॅडम. खोल्याही दोनच, आणि त्यातल्या एकीच्या स्लॅबला मोठी चीर गेलेली. गेल्या पावसाळ्यात तिथं सिमेंटचा मोठा पोपडा पडला. नशीब, पोरं तेव्हा खिचडी खायला बाहेर बसली होती. तेव्हापासून सर पहिली-दुसरीची पोरं व्हरांड्यात बसवत. त्या गळक्या खोलीतली बाकं कुजून गेली होती. नव्या खोलीसाठी त्यांनी अर्जांवर अर्ज केले होते. तो स्लॅब त्यांच्या झोपेतही यायचा, आणि खाली कुणीतरी पोर बसलेलं असायचं.

"मग सर, खोलीचंच सांगू की," सुकेशनी मॅडम म्हणाल्या. "एवढं विचारतायत तर."

"अन् साहेब म्हणले, खोली धोक्याची होती तर पोपडा पडेस्तोवर पोरं तिथं कामून बसवली, मग? पैठणकडं एकानं असंच खरं सांगितलं. घरी बसला बिचारा."

"कोण?"

"असंल कुणीतरी. ऐकलंय मी."

मॅडम बरं म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा सरांना पटला नाही. त्यांनी मनातल्या मनात ठरवलं, तपासणीच्या दिवशी या बाईला एकटं सोडायचं नाही.

चीर बुजवली गेली. वर चुना फासला, खाली पताका टांगल्या. पोरांना पढवलं, पाऊस आला की आम्ही खोलीतच बसतो. राहिली बाकं. ती ओढ्यापलीकडच्या शाळेच्या कडुबा सरांकडून आली. तपासणीला एकमेकांच्या वस्तू वापरायची या केंद्रातल्या शाळांची जुनी रीत होती. पृथ्वीचा गोल तर कुठल्या शाळेचा, हे आता कुणालाच आठवत नव्हतं. कडुबा सरांची तपासणी बद्रीनाथ सरांच्या नंतर होती, त्यामुळं त्यांनीही खुशीनं ट्रॅक्टर भरून दिला.

शिवशंकर साहेब दुपारी आले. एकही रजिस्टर त्यांनी मागितलं नाही. सरांना तेच जास्त खटकलं.

साहेब सरळ त्या खोलीत शिरले. वर बघत राहिले. भिंतीवर बोटानं टकटक केलं. मग पहिल्या बाकावरच्या मुलीजवळ वाकले. "पाऊस आला की कुठं बसता बाळा?"

"खोलीत," मुलगी म्हणाली, आणि तिनं बद्रीनाथ सरांकडं बघितलं.

साहेब सुकेशनी मॅडमकडं वळले. "मॅडम, या खोलीत शिकवताना भीती नाही वाटत?"

मॅडमचे ओठ हलले. बद्रीनाथ सर जोरात खोकले.

"नाही साहेब," मॅडम म्हणाल्या.

"तुमचे खोलीसाठीचे जुने अर्ज मी वाचलेत," साहेब सरांना म्हणाले.

सर लगबगीनं पुढं आले. म्हणजे माणूस सगळा अभ्यास करून आला होता! "ते जुनं झालं साहेब. दुरुस्ती झाली सगळी."

"नक्की? पुन्हा विचारतो. काहीच कमी नाही?"

"काहीच नाही साहेब. सगळं झकास आहे."

साहेबांनी मान डोलावली आणि मोबाइलवर काहीतरी लिहून पाठवलं. बद्रीनाथ सरांचा श्वास मोकळा झाला. जाळं टाकलं होतं गड्यानं, पण मासा काही गावला नव्हता. त्यांनी साहेबांना खुर्चीत बसवून स्वतः चहा दिला.

"बरं झालं," चहाचा घोट घेत साहेब म्हणाले. "माझ्या जिवाला घोर होता. यंदा या केंद्रात नवी खोली एकाच शाळेला आहे, सामानासकट. ती तुम्हालाच द्यायची म्हणून मी निघालो होतो, म्हणून तर इतकं खोदून विचारलं. तुम्हाला गरजच नाही म्हटल्यावर ती आत्ता कडुबा सरांना देऊन टाकली."

सरांनी आपला कप खाली ठेवला. "त्यांना कामून साहेब? त्यांच्या दोन्ही खोल्या तर चांगल्या पक्क्या हायेत."

"असतील. पण सकाळी वाटेत न सांगता डोकावलो, काय कमी आहे म्हणून विचारलं. ते बिचारे मान खाली घालून उभे. एक शब्द बोलले नाहीत," साहेब म्हणाले. "अन् सगळी पोरं फरशीवर बसलेली."