उसना रॉड

मांडीच्या मोडलेल्या हाडात टाकायचा नवा रॉड डॉक्टर पंचशीलानं घडवला होता. आज कलबुर्गीच्या परिषदेत त्या संशोधनाचा गौरव होता. फेरतपासणीला न आलेले सारे रुग्ण तिनं निष्कर्षात बरे झालेलेच धरले होते. सभागृहाच्या दाराशी डोकं भादरलेला माणूस थांबला होता. "अक्का, मी खटकचिंचोळीच्या हणमंतरावांचा लेक. अप्पा गेले. राख सावडताना तुमचा रॉड घावला. डाक्टरीनबाईची वस्तू हाय, माझ्यामागं परत करा, म्हनायचे." त्यानं टॉवेल उलगडला. आत काळवंडलेले दोन तुकडे. "अप्पा चालायचे का?" तिनं विचारलं. "काठी टेकत, कण्हत. तुमाला तरास कामून, म्हनून परत दाखवायला आले न्हाईत." तिला ठाऊक होतं, रॉड चितेत मोडत नाही, न जुळलेल्या हाडावर चालून चालून मोडतो. आतून तिचं नाव पुकारलं. त्यानं हात जोडले. "आमच्या जाळात मोडला, अक्का. माफ करा."